कसरीला पंख नसतात

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: कपड्यांना पडणारी बारीक भोकं कसरीचीच असतात, ती रात्री उडत येते आणि कापूस, पॉलिस्टर काहीच सोडत नाही, बोअरच्या जड पाण्यानं सूत कुजलेलं असतं, म्हणून तिचं आणखी फावतं, उपाय एकच, घडीघडीत डांबरगोळी. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर कापडातली भोकं शोधण्याचाच पगार मिळतो, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

‘सगळी भोकं कसरीची.’ टी-शर्ट उजेडात धरून बघा. भोकं पुढच्या बाजूला, बेंबीच्या आसपास, दोन-चार जवळजवळ. पाठीवर एक नाही, बाहीवर एक नाही. कसरीला तेवढी बेंबीच कशी सापडते? तिथं आतून जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल असतं आणि बाहेरून ओट्याची कड. भांडी घासताना दोन्हींच्या मध्ये कापड रगडलं जातं. होजिअरीचं कापड म्हणजे एकमेकांत अडकवलेले फासे. एक तुटला की शेजारचे उसवतात, आणि टाचणीएवढं भोक चार धुण्यांत वाटाण्याएवढं होतं. आमच्या वहिनीच्या टी-शर्टांची चाळण झाली होती, पण त्याच कपाटातल्या पंजाबी ड्रेसला एक भोक नव्हतं. आता ती ओट्याशी जाड एप्रन बांधते. नवीन भोक नाही.

भोकं कुठंही विखुरलेली असतील, धागा ओढल्यासारखा दिसत असेल, तर मशीनमधली उघडी चेन किंवा हूक बघा. चेन लावून, कपडा उलटा करून टाकायचा.

आणि इन्व्हर्टर! बॅटरीत पाणी घालताना उडालेला ॲसिडचा थेंब तेव्हा दिसतही नाही. त्यातलं पाणी उडून जातं, ॲसिड मागं राहून तीव्र होतं आणि सुती धागा ठिसूळ करतं. धुतल्यावर तेवढीच जागा गळून पडते, आणि बोल लागतो साबणाला. संडास साफ करायच्या ॲसिडचंही तेच. शिंतोडा उडाला की कपडा लगेच भरपूर पाण्यात खळबळायचा.

‘कसर उडत येते.’ कसरीला पंखच नसतात. ती चंदेरी, सरपटणारी, आणि तिला हवी असते खळ. गड्ड्याच्या यात्रेची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेची, पांढरी बाराबंदी (बंदांचा अंगरखा) खळ-इस्त्री करून वर्षभर ट्रंकेत ठेवली आणि संक्रांतीला काढली की कुरतडलेली, हा तिचा प्रताप. ठेवताना खळ धुऊन टाका, पुढच्या वर्षी घाला. लोकरीला लागतो तो वेगळाच किडा, एका बारक्या पतंगाची अळी. पतंग स्वतः काही खात नाही. अळी लोकर, रेशीम, पिसं खाते. स्वच्छ सुती किंवा पॉलिस्टर कापडावर तिचं पोट भरत नाही. घामाचा, सांडलेल्या आमटीचा डाग असेल तर मात्र त्यापायी कापडही कुरतडलं जातं, म्हणून न धुता ठेवू नका.

‘जड पाण्यानं सूत कुजतं.’ नाही. क्षारांमुळे साबणाची साय कापडात बसते, टॉवेल कडक आणि मळकट होतो. मग आपण ब्रश जोरात मारतो आणि कापड विरतं. ते ब्रशच्या खात्यावर.

‘डांबरगोळी.’ तिची वाफ कोंडलेल्या ट्रंकेत साठली तर काम करते. दिवसातून दहादा उघडणाऱ्या कपाटात नुसता वास. बक्कलनं पडलेल्या भोकावर तर ती काय करणार? बाळाच्या दुपट्यात मात्र चुकूनही नको. काही बाळांमध्ये G6PD नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी या वासानं फुटतात. स्वेटरला अळीची शंका असेल तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा.

मेसेज टाकणारे काका हे वाचून स्वतःचा टी-शर्टच घेऊन आले. भोकं बेंबीपाशीच. म्हणाले, “मी जन्मात ओट्याजवळ गेलेलो नाही.” ते खरंच असणार. पण रोज संध्याकाळी तासभर गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून ते खालच्यांशी गप्पा मारतात, हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे.