‘घरच्यांना नको, अनोळखींना विचारा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

हा मेसेज मला महिन्याभरात चौथ्यांदा आला. पहिले तीन मी न वाचताच पुसले होते. चौथा आत्याने घरच्या ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेले तीन इमोजी. तोवर तो माझ्या भाचीपर्यंत पोचून तिने अमलातही आणला होता. नाहीतर मी याच्या वाटेला गेले नसते.

मेसेजचा गोषवारा असा. मैत्रीत बिनसलंय, नोकरी सोडू का, अंगावर चट्टा उठलाय, असले रोजचे प्रश्न घरच्यांना विचारू नका, इंटरनेटवर अनोळखी लोकांना विचारा. कारणं सात. एक, अनोळखी माणूस निष्पक्ष असतो, हे मानसशास्त्राने सिद्ध केलंय. दोन, हजार डोकी एकदम चुकत नाहीत, बैलाचा प्रयोग वाचा. तीन, ज्या उत्तराला जास्त लाइक ते बरोबर. चार, नाव लपवलं की धोका शून्य. पाच, तिथे डॉक्टर-वकील फुकटात भेटतात. सहा, लोक स्वतःच्या अनुभवातून बोलतात, त्यांना खोटं बोलायचं कारणच काय? सात, त्यांना तुमची खरी काळजी असते, नाहीतर स्वतःचा वेळ कोण घालवेल? आणि वर ठळक अक्षरांत ‘तज्ज्ञ सांगतात’. कोणते तज्ज्ञ, हे त्या तज्ज्ञांनाच ठाऊक.

आधी भाचीचं सांगते. तिला विचारूनच लिहितेय, आणि दोन-तीन खुणा बदलल्या आहेत.

ती जिन्यावरून पडली, पाय मोडला, दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. बारा वर्षांची मैत्रीण भेटायला आली नाही, फोनही केला नाही. भाचीने हे सगळं सविस्तर लिहून ‘मी काय करू?’ असं अनोळखींना विचारलं. रातोरात तीनशेच्या वर उत्तरं. विषारी मैत्री आहे. अशा माणसांना आयुष्यातून काढून टाकायचं असतं. ब्लॉक कर आणि मोकळी हो. सकाळपर्यंत तिने मैत्रिणीला सगळीकडून ब्लॉक केलं होतं.

तिने एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती. चार महिन्यांपूर्वी त्या मैत्रिणीचे वडील गेले, तेव्हा ही भेटायला गेली नव्हती. नंतरही नाही. ‘काय बोलायचं ते सुचत नाही’ म्हणत टाळत राहिली. हे मला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, आत्यालासुद्धा माहीत होतं. त्या तीनशे जणांना माहीत असायचं कारण नव्हतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी बसून सगळी उत्तरं वाचली, दोन तास घालवले. ‘तुमच्यात आधी काही झालं होतं का?’ हा एक प्रश्न कोणीही विचारलेला नाही. निकाल मात्र सगळ्यांनी दिलाय.

आता मुद्दे. क्रमाने घेणार नाही, कारण सगळ्यात मोठी थाप दुसऱ्या मुद्द्यात आहे.

बैलाचा प्रयोग खरा आहे. मेसेज लिहिणाऱ्याने तो वाचला असता तर उदाहरण म्हणून घेतलाच नसता, एवढंच. १९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल उभा केला होता. कापून साफ केल्यावर त्याचं वजन किती भरेल, ते ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने नंतर त्या चिठ्ठ्या मिळवल्या. वाचता येण्याजोग्या ७८७ निघाल्या. सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावले तर मधला आला १,२०७ पौंड, आणि खरं वजन भरलं १,१९८ पौंड. चूक एक टक्क्याच्याही आत. १९०७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाने हे छापलं आणि तेव्हापासून ‘गर्दी शहाणी असते’ म्हणायला सगळ्यांना हा बैल सापडलाय.

पण गर्दीचं का जमलं, हेही गाल्टननेच लिहून ठेवलंय. चिठ्ठीला सहा पेन्स मोजावे लागत होते, त्यामुळे टवाळखोर आपोआप गळले. बक्षीस होतं, त्यामुळे प्रत्येकाने डोकं चालवलं. आणि कोणाच्या भाषणबाजीने किंवा भावनेच्या भरात मतं ठरली नव्हती, ज्याने त्याने आपली चिठ्ठी आपण भरली. शिवाय भाग घेणाऱ्यांत खाटीक आणि शेतकरी बरेच होते, म्हणजे जनावर पाहून वजन सांगणं हा ज्यांचा धंदाच. यातलं काय काय भाचीच्या तीनशे उत्तरांना लागू होतं? उत्तराला पैसे पडत नाहीत, चुकलं तर काही जात नाही, बरोबर आलं तर काही मिळत नाही. आणि बैल तरी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता. इथे बैल कोणी पाहिलेलाच नाही. बैलाबद्दल एका रागावलेल्या मुलीने रात्री अकरा वाजता लिहिलेल्या चार परिच्छेदांवरून वजन सांगायचंय.

आणि मुळात वजन हा प्रश्न असा आहे की शेवटी काटा असतो. मैत्री ठेवावी की तोडावी याला कुठला काटा?

ज्याची त्याने स्वतंत्र भरलेली चिठ्ठी, ही अट तर सगळ्यात आधी मोडते. पहिल्या दहा जणांनी ‘ब्लॉक कर’ म्हटलं की अकरावा ते वाचूनच लिहायला बसतो. झुरिचमध्ये १४४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. इतरांचे अंदाज दाखवले की मुलांची उत्तरं एकमेकांच्या जवळ सरकत गेली, अचूकता वाढली नाही, आणि आपण बरोबर आहोत ही खात्री तेवढी वाढली. मेसेज या खात्रीलाच शहाणपण म्हणतो.

तिसरा मुद्दा, लाइकचा, याचाच धाकटा भाऊ. यावर मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांचा, २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग पुरेसा आहे. बातम्यांवर चर्चा चालणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या लाखभर प्रतिक्रिया त्यांनी घेतल्या. काहींना, मजकूर न बघता, आल्या आल्या एक खोटी पसंती चिकटवून दिली. एकच. तेवढ्याने पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि पसंतीचा शेवटचा आकडा सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. गंमत म्हणजे खोटी नापसंती चिकटवली तर लोकांनी ती दुरुस्त करून टाकली, फुगवटा मात्र तसाच राहिला. म्हणजे उत्तर ‘वर’ आहे, याचा अर्थ कोणीतरी लवकर येऊन अंगठा दाबला होता, एवढाही असू शकतो. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा आत्या म्हणाली, “अगं, पण मला तर हा मेसेज पाच जणांकडून आलाय!” यावर काय बोलणार.

पहिला मुद्दा, निष्पक्षपणाचा. इथे थोडं मान्य करावं लागतंय, नाइलाजाने. दुसऱ्याच्या भानगडीत आपलं डोकं जास्त चांगलं चालतं, हे खरं आहे. ग्रॉसमन आणि क्रॉस या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये जोडीदाराने फसवल्याचा प्रसंग लोकांपुढे ठेवून हे दाखवलंय. स्वतःवर आला असं समजून विचार करणाऱ्यांपेक्षा दुसऱ्यावर आला असं समजणारे जास्त समंजस निघाले. मेसेजमधलं ‘मानसशास्त्र’ बहुधा हेच असावं. पण त्या प्रयोगातला ‘दुसरा’ म्हणजे कोणी अनोळखी नव्हता, तो मित्र होता. आणि पुढचा भाग मेसेजवाल्याने सोयीने गाळला : स्वतःच्याच प्रश्नाकडे जरा लांबून, परक्याचा असल्यासारखं पाहायला सांगितलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे तेवढा निष्पक्षपणा घरबसल्याही मिळतो.

घरच्यांना सांगायची लाज वाटते, हे कारण मात्र मी खोडणार नाही. काही गोष्टी घरात बोलताच येत नाहीत, काहींच्या तर घरातच त्रास असतो. त्यांना ‘आधी आईशी बोल’ सांगणं हा दुष्टपणा आहे. परक्यापाशी माणूस मन मोकळं करतो, हे गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९०८ मध्येच लिहून ठेवलंय, तेव्हा कुठलं इंटरनेट. दुर्मिळ आजार असलेल्यांना आपल्यासारखा दुसरा माणूस पहिल्यांदा भेटतो तोही बहुतेक वेळा असाच ऑनलाइन. आणि मशीनचा, सॉफ्टवेअरचा प्रश्न असेल तर खुशाल अनोळखींना विचारा, मीही विचारते. सांगितलेला उपाय करून बघता येतो. चालला तर चालला. अनोळखींच्या उत्तरांवरच ज्याचं नाव झालं ते स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ २००८ पासून प्रोग्रामरांच्या उपयोगी पडतंय, आणि तिथला नियम बघा : निव्वळ मतावर ठरणारे प्रश्न ते वर्षानुवर्षं बंद करत आले. ज्यांना हे काम सगळ्यात चांगलं जमतं, त्यांनीच स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा आहे.

चौथा मुद्दा, ‘नाव लपवलं की धोका शून्य’, यावर माझं डोकं खरंच फिरलं.

ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी नेटवर काय काय शोधलं, त्याच्या दोन कोटींच्या आसपास नोंदी जाहीर करून टाकल्या. नावं काढून त्या जागी नुसते आकडे घातले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार त्यातल्या एका आकड्यामागच्या बाईंच्या घरी पोचले. कशावरून? बाईंनी स्वतःच शोधलेल्या गोष्टींवरून. नाव लागलंच नाही. आपण काय विचारतो, त्यातच आपण असतो.

आणि ते बातमीदारसुद्धा अनोळखीच होते. ओळखीच्या माणसाला तर काहीच कष्ट नाहीत. जिना, पाय, दोन दिवस, बारा वर्षं, एवढं त्या मैत्रिणीला पुरलं. तिला ती पोस्ट दुसऱ्याच कोणीतरी पाठवली, ‘ही तुझ्याबद्दल आहे का गं?’ म्हणून. वडील जाऊन चार महिने झालेल्या मुलीने रात्री बसून तीनशे अनोळखी लोकांनी आपल्याला दिलेल्या शिव्या वाचल्या. मेसेजमधला ‘धोका’ फक्त विचारणाऱ्याचा मोजलाय. जिच्याबद्दल विचारलं ती हिशेबातच नाही.

पाचवा, फुकट डॉक्टर. डॉक्टर हात लावून बघतो, आधीचे कागद मागतो, चालू गोळ्या विचारतो. फोटो बघून ‘काही नाही, माझंही असंच होतं’ म्हणणारा डॉक्टर असेलही, पण तुमचा नाही, आणि चुकला तर तुम्हाला सापडणारही नाही. फिटच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड कोणाच्या सांगण्यावरून एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. ‘मी तर सोडल्या, मस्त वाटतंय’ असं लिहिणाऱ्याला उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढंच करायचं असतं. वकिलांचंही तेच. यावर आणखी लिहीत नाही.

सहावा, ‘खोटं बोलायचं कारणच काय’. कारण नसतानाही लोक बोलतात, पण ते सोडा. समोर माणूस आहे, हे तरी कशावरून? स्टॅक ओव्हरफ्लोला डिसेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घालावी लागली, कारण ती दिसायला झकास आणि बऱ्याचदा चूक होती. आणि एप्रिल २०२५ मध्ये उघड झालेलं प्रकरण तर याहून वाईट. झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिटच्या एका चर्चागटात कोणाला न सांगता यंत्राकडून हजाराहून जास्त प्रतिक्रिया लिहून घेतल्या होत्या. त्यात कुठे ते यंत्र लैंगिक अत्याचारातून गेलेली व्यक्ती बनलं, कुठे मानसिक आघातांवर काम करणारा समुपदेशक. वाचणाऱ्यांनी त्यांच्याशी मनापासून वाद घातले. ‘स्वतःच्या अनुभवातून’ म्हणे.

राहिला सातवा, काळजीचा. पोस्ट मैत्रिणीपर्यंत पोचल्याचं कळल्यावर भाचीने मला फोन केला. माफी कशी मागावी हेही तिने अनोळखींना विचारायला घेतलं होतं, ते अर्धवट टाईप केलेलं मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, ते पुस, आणि तिला भेटायला जा. म्हणाली, “मावशी, ती दार उघडेल का?” मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. ती गेली. दार उघडलं. पुढचं त्या दोघींचं.

पण परत येऊन तिने, का कोण जाणे, त्याच ठिकाणी खरं काय ते लिहिलं : मी एक गोष्ट लपवली होती, चूक माझीही होती, तुम्ही सांगितलंत तसं करून मी तिला दुखावलं. तीनशे काळजीवाल्यांसाठी. दोन दिवसांनी मी बघितलं, तेव्हा खाली तीन उत्तरं होती. एकात नुसता अंगठा. एकात कुठल्यातरी ऑनलाइन कोर्सची जाहिरात. आणि तिसऱ्यात : ‘मूळ पोस्टची लिंक द्या ना, काय झालं होतं?’