घ्या की, ६०० घोड्यांची फॅमिली गाडी!

मागच्या रविवारी मेहकरला लग्न होतं. साडूभाऊंचा आदल्या रात्री फोन आला, "एसटी-बिस्टी काही नाही, आपल्या नव्या गाडीत जायचं सगळ्यांनी." नवी म्हणजे त्यांना नवी. मुंबईत कुणीतरी तीन वर्षं हौस फेडून विकली आणि प्लॉटिंगच्या पैशात ती संभाजीनगरला साडूंच्या दारात आली. परदेशी, लांबुडकी, छत थेट डिकीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि इंजिन शर्यतीच्या गाडीचं. इस्टेट म्हणतात असल्या गाडीला. कंपनी कोणती ते विचारू नका, गाडीचा यात काही गुन्हा नाही.

जाऊन आलो. धडधाकट आहे. आणि आता माझी खात्री पटली आहे की मराठवाड्यातल्या प्रत्येक कुटुंबवत्सल माणसाने अशी एक गाडी घ्यायलाच पाहिजे. चार अनुभवाचे बोल सांगतो, ऐकून ठेवा.

सगळ्यात आधी घरात जाहीर करायचं, "मला काय हो, तुमच्यासाठीच घेतली." हे वाक्य चुकलं की पुढचं सगळं चुकलं. दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली तर माणूस उधळ्या ठरतो. तितक्याच पैशांची, तितकीच पळणारी, पण पाच सीटांची आणि मोठ्या डिकीची घेतली की तोच माणूस घरादाराचा विचार करणारा कर्ता पुरुष होतो. कुणी शंका काढलीच तर आकडे फेका. ऑडीची आरएस ६ अवांत ही इस्टेटच घ्या: ४ लिटरचं व्ही ८ इंजिन, ६०० अश्वशक्ती, शून्यावरून शंभरावर ३.६ सेकंदांत. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये आणलेली एम ५ टूरिंग तर विजेची जोड घेऊन ७२७ अश्वशक्तीवर गेली. "पोरांना ३.६ सेकंदांत कुठं पोचवायचंय?" असं कुणी म्हातारं माणूस विचारील. नुसतं हसायचं. जुन्या लोकांना फॅमिली कार कळत नाही.

मग डिकी. त्या आरएस ६ ची डिकी ५६५ लिटरची, मागची सीट पाडली तर १६८० लिटरची. ५६५ लिटर म्हणजे पाण्याचे वीस लिटरवाले २८ जार. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या शहरात गाडी घ्यायला याहून सबळ कारण मला तरी सुचत नाही. अर्थात डिकीत खरोखर काही ठेवायचं नसतं, हे त्या दिवशी कळलं. आहेरासाठी केशर आंब्यांची क्रेट घेतली होती. साडूंनी डिकी उघडली, आतला गालिचा बघितला, क्रेट बघितली आणि म्हणाले, "वास बसतो हो. मांडीवर धरता का?" धरली. घरापासून मेहकरपर्यंत धरली. मागं रिकामी डिकी ऐटीत होती आणि पुढं मी वीस किलो आंबे मांडीवर घेऊन.

स्पीडब्रेकरची काळजी करू नका. गाडी आणि जमीन यांच्यात वीतभरही जागा नसते, पण उपाय सोपा आहे: माणसं उतरवायची. आपल्याकडे प्रत्येक गावाला, प्रत्येक मंगल कार्यालयाला आणि ज्याचा भाऊ सरपंच आहे अशा प्रत्येक घराला स्वतःचा स्पीडब्रेकर असतो. हर्सूल सोडून सावंगीला समृद्धीवर चढेपर्यंत आम्ही तीनदा उतरलो. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे कामातून गेलेले. सीट इतकी खाली की बसताना धपकन पडायचं आणि उठताना दोघांनी ओढून काढायचं. साडू गाडी तिरकी करून गोगलगाईसारखी पलीकडे नेणार, उतरून वाकून खालून बघणार, मग आम्ही पुन्हा चढणार. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं, मी येते हळूहळू पायी."

मायलेज विचारणाऱ्या नातेवाइकाशी संबंध तोडावेत.

पहाटे साडेपाचलाच गाडी सुरू करावी. गल्लीतल्या तान्ह्या लेकरालासुद्धा आठ सिलिंडर मोजता आले पाहिजेत.

आता इभ्रतीचा मुद्दा, म्हणजे ज्याला शोरूमवाले ब्रँड इमेज म्हणतात. इथं जरा अभ्यास लागतो, कारण बाहेरून ही गाडी कुणाला काही सांगत नाही. तिकडे युरोपात तीच तर मजा आहे. दिसायला भाजी आणायची गाडी आणि पळायला वाघीण. ऑडीची पहिली आरएस गाडीच मुळी इस्टेट होती. १९९४ ची आरएस २, पोर्शेच्या मदतीने केलेली, पाच सिलिंडरची, ३१५ अश्वशक्तीची. त्याच साली व्होल्व्होने ८५० ही इस्टेट थेट ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत उतरवली होती. म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर कुत्रं आणि किराणा न्यायची गाडी. लोकांना गंमत वाटली, आणि ती गंमत म्हणजेच तिकडची प्रतिष्ठा. ज्याला कळायचं त्याला कळतं, बाकीच्यांना नाही कळलं तरी मालकाचं काही अडत नाही.

आपल्याकडे ज्याला कळायचं तो कोण? इथं प्रतिष्ठेला उंची लागते. पांढरा रंग, काळ्या काचा, पायरी लावून चढावं लागेल इतकी उंच गाडी, तरच माणूस आला असं धरतात. टाटांनी १९९२ मध्ये इस्टेट नावाचीच गाडी आणून बघितली, पुढं इंडिगोची मरीना काढली, मारुतीने बलेनोची अल्टुरा काढली, स्कोडाने ऑक्टाव्हियाची कॉम्बी. सगळ्या आल्या तशा गेल्या. आरएस ६ सुद्धा २०१५ मध्ये आपल्या देशात आली होती, १ कोटी ३५ लाखांना. याच कंपनीच्या काही गाड्या आपल्या शेंद्र्यात जोडल्या गेल्यात, ही मात्र तयार होऊनच आली. रस्त्यावर तुम्ही किती पाहिल्यात? आणि आपलं गाव काही गाड्यांना नाही म्हणणारं नव्हे. २०१० च्या ऑक्टोबरात, औरंगाबाद म्हणत होते तेव्हा, इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्यातल्या एकाने तरी डिकी किती लिटरची असं विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

तर मेहकरला मंगल कार्यालयाच्या दारात साडूंची गाडी शिरली. काळी, चकचकीत, मागून लांब. बँडवाले थांबले. फेटा बांधलेले एक आजोबा काठी आडवी धरून गर्दी हटवायला लागले, "सरका रे सरका, ॲम्ब्युलन्सला वाट द्या." साडूंनी काच खाली केली तर आजोबांनी आत डोकावून सासूबाईंकडे बघितलं आणि हळहळून विचारलं, "लई शिरेस हायेत का माय?"

सासूबाईंचा चेहरा बघता त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. कारण आम्ही समृद्धीवरून आलो होतो.

समृद्धी महामार्गाचा पूर्ण उपयोग करणं हे अशा गाडीच्या मालकाचं कर्तव्यच आहे. ७०१ किलोमीटरचा रस्ता, मुंबई ते नागपूर, आपल्या दारावरून गेलेला. सपाटीवर वेगमर्यादा १२० ची, पण ती तुमच्या-माझ्यासारख्यांना. ६०० घोडे असणाऱ्याने १२० ने जायचं म्हणजे घोड्यांचा अपमान. साडूंनी जालना मागं टाकलं आणि पाय दाबला. सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पाठ सीटला चिकटली, पोटात विमानातल्यासारखं झालं, माझी सात वर्षांची पोरगी खिदळली. १४०. १६०. पुढं बसलेल्या मेव्हणीला साडू म्हणाले, "काट्यावर मोबाईल धर, स्टेटसला टाकायचंय." तिने धरला. १७५. पोरीचं हसू थांबलं. सासूबाईंनी वरची दांडी धरली होती, डोळे मिटले होते, ओठ हलत होते. "हळू हाक की रं बाबा," म्हणाल्या. १९०. साडू म्हणाले, "आई, ही जर्मनीत याच्याहून जोरात जाते. घाबरू नका, लई सेफ गाडी आहे."

जर्मनीत जाते, हो. जिथं ऑटोबानला, म्हणजे तिकडच्या महामार्गाला, मर्यादाच नाही तिथंसुद्धा सरकारचा सल्ला ताशी १३० चा आहे. आणि जर्मनीत मे महिन्यातल्या मराठवाड्याइतका सिमेंटचा रस्ता तापत नाही, आणि कुंपणातून रोही, म्हणजे नीलगाय, घुसून आडवी येत नाही. आरएस ६ ला हौशीने २२ इंची चाकं लावतात, त्याच्या टायरची भिंत साडेआठ सेंटीमीटरची असते. साडूंच्या गाडीला तसलीच पापडासारखी टायरं. तुमची सगळी ६०० अश्वशक्ती, तुमची सासू, तुमची पोरं त्या साडेआठ सेंटीमीटर रबरावर बसलेली असतात. ताशी १९० म्हणजे सेकंदाला जवळपास ५३ मीटर. कबड्डीचं मैदान तेरा मीटरचं असतं. एका सेकंदात चार मैदानं. स्टेटसला गाणं कोणतं लावायचं हे सांगायला तुम्ही बायकोकडे वळून बघता, तेवढ्यात चार मैदानं. आणि गाडी थांबवायची म्हटली तर ब्रेकने जिरवायचा जोर १२० च्या अडीच पट. हे काही मी नवीन सांगत नाही, शाळेत होतं.

पट्ट्याचं तर सांगायचं राहिलंच. मी पोरीला पट्टा लावायला गेलो, कारण मांडीवर क्रेट असल्याने आधी हात पोचला नव्हता. तर साडू आरशातून म्हणाले, "मागं कशाला लावता, बकल घासून चामड्याला ओरखडे पडतात."

मी लावला. उशिरा लावला, ही चूक माझी. गाडीत बसल्याबसल्या लावायला पाहिजे होता, आंबे रस्त्यावर टाकून लावायला पाहिजे होता. पुढं सिंदखेडराजाची हद्द आली. १ जुलै २०२३ च्या पहाटे तिथंच बस उलटून पेटली होती आणि २५ माणसं आतल्या आत जळाली होती. कारणं काय असायची ती असोत. तिथून जाताना माणूस निदान पाय तरी उचलतो. काटा हलला नाही.

मेहकरच्या अलीकडे पोरीला उलटी झाली. अंगावर, माझ्या बाहीवर, थोडी सीटवर. साडूंनी गाडी बाजूला घेतली, दार उघडलं, आत वाकले आणि विचारलं,

"सीटला लागलं का?"

साडूभाऊ, आता तुमच्याशीच बोलतो. तुम्ही हे वाचणार आहात, मेव्हणी पाठवीलच.

पोरगी पांढरीफटक पडली होती. तुमची भाची आहे ती. तिला पाणी पाहिजे का, हे तुम्ही विचारलं नाही. सासूबाईंचे हात दांडीला इतके घट्ट धरलेले होते की बोटं सोडवावी लागली, ते तुम्ही बघितलं नाही. तुम्ही डिकीतून शॅम्पूची बाटली आणि मऊ फडकं काढलंत. डिकीत ते होतं, आंबे नव्हते. घरच्यांसाठी गाडी घेतली म्हणता? घरच्यांना तुम्ही तीनदा रस्त्यावर उतरवलंत, मांडीवर ओझं दिलंत, पट्टा लावायला नको म्हणालात आणि जीव मुठीत धरायला लावलात, ते स्टेटसला २३० जणांनी बघावं म्हणून. त्या २३० जणांपैकी एकानेही लिहिलं नाही की मागं लेकरू बसलंय, हळू चालव. हात जोडलेल्या खुणा आल्या, आगीच्या खुणा आल्या. आणि तुम्ही जेवणाच्या पंगतीत त्या मोजत बसलात.

वेगाचा शौक असेल तर एकट्याने ट्रॅकवर जा, हवी तेवढी पळवा, मी टाळ्या वाजवायला येतो. माझ्या पोरीला मागं बसवून नाही. पुन्हा कधीच नाही.

परतीला सासूबाई तुमच्या गाडीत बसल्या नाहीत, ते पाय दुखतात म्हणून नव्हे. मेहकरच्या स्टँडवर त्या स्वतः जाऊन लालपरीत खिडकीशी बसल्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट शून्य. पोरगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून संभाजीनगरपर्यंत झोपली. कंडक्टरने उरलेल्या आंब्यांची क्रेट विचारलीसुद्धा नाही, सीटखाली सरकवली.

पुढच्या महिन्यात घरी येणार आहात म्हणे. या. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावा आणि आत चालत या. संध्याकाळी पोरं रस्त्यावरच खेळत असतात.