टेबल माउंटनचं तिकीट आम्ही मुद्दाम पॅकेजमध्ये टाकत नाही ताई

नमस्कार ताई, तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंय की दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनला दोन दिवस राहून तिथल्या टेबल माउंटन या सपाट माथ्याच्या डोंगरावर जाताच आलं नाही, रोपवेचं तिकीट पॅकेजमध्ये नव्हतं म्हणजे आम्ही खर्च लपवला, शहर फिरवणाऱ्या लाल बसमध्ये गाईड नव्हता, समुद्राचं पाणी इतकं गार की पाय ठेववेना, पेंग्विन दाखवलेच नाहीत, आणि शेवटी बसचे अर्धे पैसे परत मागितले. आईंना घेऊन एवढ्या लांब गेलात आणि डोंगर खालूनच बघून आलात, याचं मला मनापासून वाईट वाटलं. पण आत्ता नागपुरातले बरेच लोक डिसेंबरचं बुकिंग करून राहिले आणि ते पण हे वाचतील, म्हणून सगळं नीट लिहितो, थोडं लांबेल.

तिकीट आम्ही पॅकेजमध्ये टाकत नाही कारण वर रोपवे चालेल की नाही हे आदल्या रात्री कोणीच सांगू शकत नाही. खालचं स्टेशन साधारण 360 मीटरवर, वरचं 1067 मीटरवर, मधे फक्त तारा. 1929 पासून तो रोपवे चालू आहे, 1997 मध्ये नवीन गोल डबे आले, एका डब्यात 65 माणसं, आतली फरशी गोल फिरते म्हणजे सगळ्यांना सगळीकडचं दिसतं, वाऱ्यात डबा हलू नये म्हणून खाली पाण्याची टाकी पण आहे, आणि तरी वारा एका मर्यादेपलीकडे गेला की ते बंदच करतात, आणि केलंच पाहिजे. मग आम्ही नागपुरात बसून तुमच्याकडून त्याचे पैसे आधी कशाला घ्यायचे? कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की डोंगराचं तिकीट त्या दिवशी हवा बघून तिथेच घ्यायचं. तुमचा त्यात एक रुपया गेलेला नाही.

आता वाऱ्याबद्दल, कारण तुमच्या अर्ध्या तक्रारी याच एका वाऱ्याच्या आहेत. आपला डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, आणि तिथल्या उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोरदार वारा सुटतो, तिथले लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात, शहरातली घाण हवा उडवून नेतो म्हणून. हा वारा फॉल्स बे या खाडीकडची ओलसर हवा डोंगरावर चढवतो, वर जाऊन ती थंड होते, ढग बनतो, आणि तो ढग सपाट माथ्यावर पसरून शहराच्या बाजूला खाली ओघळतो, थोडं खाली आला की परत तापून विरून जातो. म्हणून खाली बंदराजवळच्या वॉटरफ्रंट बाजारात कडक ऊन आणि वर काहीच दिसत नाही असं होतं. तुम्ही लिहिलंय "एवढं ऊन होतं तरी बंद सांगितलं, आम्हाला फसवलं", ताई कोणी फसवलं नाही, खालच्या उन्हावरून वरचं काही कळतच नाही.

आणि कॅम्प्स बे बीचचं पाणी गार का, तर हाच वारा किनाऱ्याजवळचं वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खोलचं बर्फासारखं पाणी वर येतं, भर उन्हाळ्यात 10 ते 15 अंश. आपण 45 डिग्रीतली माणसं, आपल्याला ते चावणारच. तो बीच बघायला आहे, डुंबायला नाही, हे मी बुकिंगच्या वेळेला सगळ्यांनाच सांगतो.

वाऱ्याचा भरवसा नाही म्हणूनच आम्ही बसचा पास दोन दिवसांचा देतो, एक दिवसाचा स्वस्त पडतो तरी. तुम्हाला जो मेसेज पाठवला त्यात पहिलीच ओळ होती की पहिल्या दिवशी सकाळी उठून आकाश मोकळं दिसलं तर पहिली बस पकडून थेट डोंगर, बाकी सगळं नंतर. तुमच्याच रिव्ह्यूत आहे की पहिल्या दिवशी सकाळी डोंगर स्वच्छ दिसत होता, पण तुम्ही दुपारपर्यंत वॉटरफ्रंटला शॉपिंग केलं आणि तीन वाजता रोपवेपाशी पोचलात तोपर्यंत तो बंद झाला होता. शॉपिंग करू नये असं माझं म्हणणं नाही, सुट्टी तुमची आहे, पण वॉटरफ्रंट रात्री पण उघडं असतं आणि डोंगर नाही.

गाईडचं म्हणाल तर ही बस आपल्या सिटी बससारखी ठरलेल्या रस्त्यावर फिरत राहते, पाहिजे तिथे उतरा, मागच्या बसने पुढे जा, माहिती कानात इअरफोन लावून ऐकायची. आईंसारख्या माणसाला मला हीच पद्धत बरी वाटते कारण ग्रुपमागे धावावं लागत नाही, थकल्या तर उतरूच नका, बसल्या बसल्या शहर होतं. कॅम्प्स बे पासून सी पॉइंटपर्यंत डाव्या बाजूला बसलं की सगळा अटलांटिक तुमच्या बाजूने, आणि हे तर तुम्ही पण लिहिलंय की आईंना तो रस्ता फार आवडला.

पेंग्विन बोल्डर्स बीचला आहेत, सायमन्स टाऊन गावाजवळ, शहरापासून साधारण 40 किलोमीटर, तिथे ही बस जातच नाही, त्याला वेगळी अर्ध्या दिवसाची गाडी लागते आणि तो ऑप्शन तुम्ही बजेटमुळे काढायला सांगितला होता. मला स्वतःला वाटतं तो काढू नये. 1982 मध्ये तिथे फक्त दोन जोड्या आल्या होत्या त्यातून ती वसाहत वाढली, आणि 2024 मध्ये हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत गेलाय, पुढच्या पिढीला दिसेल की नाही माहीत नाही. जे कोणी हे वाचून राहिले त्यांनी कपडे-बॅगा कमी घ्या पण बोल्डर्स ठेवा.

बसचे अर्धे पैसे परत देता येणार नाहीत, कारण बस दोन्ही दिवस चालू होती आणि तुम्ही दोन्ही दिवस बसलात. टूरमधलं आणखी काही राहिलं असं वाटत असेल तर बर्डीच्या ऑफिसला या, कोटेशन आणि मेसेज दोन्ही समोर ठेवून बोलू, दुपारी दोननंतर मी असतोच.