साभार

दुपारी कुरिअरनं एका मित्राचा कवितासंग्रह आला. कविता चांगल्या आहेत, मनापासून सांगते. पण आतल्या पानावर छापलंय : ‘मुखपृष्ठ – इंटरनेटवरून साभार’. तेव्हापासून डोकं तापलंय. इंटरनेट चित्र काढत नाही, माणूस काढतो. त्याला नाव असतं.

आठवीत आमच्या चित्रकलेच्या सरांनी फळ्यावर बालकवींची ‘औदुंबर’ लिहिली आणि म्हणाले, काढा. आठच ओळी. वर्ग खूश, कारण रंगसुद्धा कवीनंच सांगून ठेवलेले. हिरवाळी, निळासावळा झरा, पांढरी पायवाट. तासाभरात बाकाबाकावर टेकड्या आणि झरे. सर सगळीकडे फिरले आणि एवढंच विचारलं, “अरे, काळा डोह कुठाय?”

शेवटच्या बाकावरच्या एकीनं अख्खा कागद काळा केला होता. त्यात एक पांढरी रेघ, डोहाकडे निघालेली. आम्ही हसलो. सरांनी तो कागद उचलून फळ्यावर लावला.

या संग्रहात आईच्या आजारपणाच्या कविता आहेत आणि मुखपृष्ठावर समुद्रातला सूर्यास्त! कुणी वाचल्या तरी का त्या, चित्र चिकटवण्याआधी?

मान्य, कवितेच्या पुस्तकात पैसा नसतो, कवीच पदरमोड करतो. पण पैसा तेव्हा तरी कुठे होता? १९७६ च्या सुमारास मुंबईत चार कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाउस’ ही कवितांची प्रकाशनसंस्था काढली. पुस्तकांची मांडणी केली अरुण कोलटकरांनी, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, जाहिरातीत नाव काढलेल्या कवीनं. त्या चौघांतले गीव्ह पटेल तर डॉक्टर, कवी आणि चित्रकारही. विहिरीत डोकावल्यावर काय दिसतं, ते त्यांनी पुन्हापुन्हा रंगवलं. चित्र म्हणजे कवितेला वरून घातलेला हार, असं या माणसांनी कधी मानलं नाही.

लिहितालिहिता तोच काळा कागद डोळ्यांसमोर येतोय. बालकवी ‘गोड काळिमा’ म्हणतात. काळिमा तिनं रंगवला, पण ‘गोड’ कुठल्या रंगानं रंगवायचं? ते शब्दांनाच जमतं. पण ती कविता मला तोंडपाठ होती आणि तोवर कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी पोटात खड्डा पडला.

मित्रावर राग नाही. संध्याकाळी त्याला फोन करणार आहे, आधी कवितांबद्दलच बोलेन.

मुखपृष्ठाचा फोटो खाली टाकतेय. हे चित्र कुणाचं आहे, ओळखत असाल तर कृपया कळवा. दुसऱ्या आवृत्तीत निदान नाव जाऊ दे.