पोराच्या बर्थडेला व्हिडिओ गेम ठेवताय? मग एवढं कराच

बर्थडे घरीच करायचा, हॉलमधल्या टीव्हीला कन्सोल, म्हणजे गेम खेळायचं यंत्र, जोडून द्यायचा की पोरं दोन तास गप्प आणि आपण मोकळे, असा प्लॅन असेल तर आधी अभिनंदन, लय पुढचा विचार करता तुम्ही.

आता कन्सोल आदल्या दिवशी चालू करून बघायच्या भानगडीत पडू नका. पोरं जमली की सगळ्यांच्या देखत बटण दाबायचं, मग तो सिस्टिम अपडेट मागणार, ते झालं की गेम त्याचं वेगळं अपडेट मागणार, आणि ती पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकताना सगळी पोरं मांडी घालून बघत बसणार... संयम शिकवायला दुसरा क्लास लावायची गरज नाही. कंट्रोलर चार्ज केलेले नसले तर अजूनच छान.

गेम निवडताना फक्त एक चूक टाळा, मारियो कार्ट ८ डीलक्स हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावू नका. त्यात एकाच टीव्हीवर चौघं खेळतात, स्मार्ट स्टिअरिंग चालू असलं की अगदी चिमुरडं पोरगं पण रस्ता सोडून खाली पडत नाही, वर जो मागे पडलाय त्यालाच जास्त भारी वस्तू मिळतात. मग रडणार कोण? आणि कोणी रडलंच नाही तर बर्थडे झाला हे शेजाऱ्यांना कळणार कसं? त्यापेक्षा एकट्याने खेळायचा गेम लावा आणि "मेला की दुसऱ्याला द्यायचा" असा नियम करा. ज्याला येतं तो मरत नाही, ज्याला येत नाही त्याचा नंबर चार सेकंदात संपतो, एकदम न्याय्य पद्धत आहे. डब्यावर वयाचा १८ आकडा छापलाय म्हणून बिचकू नका, तो आकडा सजावटीला असतो.

बर्थडे बॉयला सांगायचं, "तू शहाणा ना, पाहुण्यांना आधी दे." पाहुण्यांत मामा पण येतो हे त्याला नंतर कळेल.

मामाचं जरा नीट सांगतो. तो आधी सोफ्यावर मोबाईल बघत बसलेला असतो, मग "बघू रे, कसं असतंय ते" म्हणून हात पुढे करतो, आणि संपलं, कंट्रोलर गेला. आता वळण आलं की मामा कंट्रोलरसकट सगळाच डावीकडे कलणार, बाजूला बसलेली आत्या पण कलणार. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे बटण दाबल्यावर चित्र लगेच हलवणारी सेटिंग, मुद्दाम बंद ठेवा, बटण दाबल्यावर उडी जराशी उशिरा लागते, म्हणजे हरल्यावर मामाला दोष टीव्हीवर ढकलता येतो. हात हलवून खेळायचा गेम असेल तर मनगटाचा पट्टा बांधायला लावू नका हां, मजा जाते. निंटेंडोने २००६ च्या डिसेंबरात त्यांच्या वी कन्सोलच्या रिमोटचे ३२ लाख पट्टे बदलून द्यायचं जाहीर केलं, कारण लोक जोशात हात फिरवायचे, पट्टा तुटायचा आणि रिमोट उडायचा. तुम्ही तर पट्टाच बांधणार नाही, मग तुटायचा प्रश्नच नाही!!

केकचं टायमिंग सांभाळा. शेवटचा लॅप, पोरगं पहिल्यांदाच एक नंबरवर, घरात सगळे श्वास रोखून... बरोब्बर तेव्हा लाईट घालवून "चला चला, केक" म्हणत टीव्हीसमोर उभं राहायचं. फोटोत त्याचा चेहरा बघण्यासारखा येतो.

रात्री पोरं गेली, बर्थडे बॉय झोपला, तरी मामा हलायचा नाही. त्याला पोराच्याच प्रोफाईलवरून माइनक्राफ्ट, तो ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम, उघडून द्या. आख्खी सुट्टी घालून बांधलेला किल्ला आहे त्यात, मामाला टीएनटी, म्हणजे त्यातला सुरुंग, कसं फुटतं तेवढंच बघायचंय. सेव्हचं टेन्शन घेऊ नका, माइनक्राफ्ट आपोआप सेव्ह करतं.