मागं कोण पीठ दळतंय?

लेकीचं घरी केलेलं रेकॉर्डिंग मिरजेला तिच्या गाण्याच्या बाईंना ऐकवलं. यमन होता. बाईंनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "मागं कोण पीठ दळतंय?"

कुणी दळत नव्हतं हो. टेबलाखाली माझ्या कॉम्प्युटरचा जुना टॉवर घरघरत होता. आणि हे ऐकून घ्यायचं कुठं, तर मिरजेत! जिथं तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तो गुंजणारा नाद, काढतात, ज्या गावच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तिथं माझ्या लेकीच्या षड्जामागं गिरणी चालू.

त्या दिवसापासून डोकं फिरलंय. मला पाहिजे ते एवढंच: शोकेसच्या खणात मावेल आणि चालू आहे की बंद ते फक्त दिव्यावरून कळेल असा कॉम्प्युटर. पण सांगलीत ही मागणी घेऊन दुकानात गेलं की माणूस थेट येड्यात निघतो.

"सायेब, एवढ्याशा डब्यात काय घालतायसा? ह्यो बघा." 'ह्यो' म्हणजे गुडघ्याएवढं कपाट. पुढं सबंध काच, काचेमागं तीन पंखे, पंख्यांत सात रंग. गणपतीचं मखर बरं. पुढं काच आहे तर पंखे हवा कुठून ओढणार, असं विचारलं तर म्हणतो, "येती की हवा. आन् रिमोटवर रंग बदलतंय." अरे, मी काय कॉम्प्युटरपुढं आरती करणार आहे? काचेला नाक लावून गुदमरणारा पंखा जास्त जोरात बोंबलतो, तो आवाज मी पैसे देऊन घ्यायचा आणि वर रिमोट फुकट!

सासऱ्यांचं वेगळंच. "जावईबापू, एवढ्या पैशात मोठा आला असता." मोठा नको होता म्हणूनच जास्त दिले, मामा! हळदीच्या सौद्याचं गाव आहे, पोत्याच्या हिशेबाची सवय असणार हे कबूल. पण हळदसुद्धा आधी मोडून, आतला रंग बघून घेतात ना? कॉम्प्युटर तेवढा आकारावर तोलायचा.

"मग लॅपटॉप घ्या" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढं वाचू नये. चपट्या लॅपटॉपचा पातळ पंखा जोर लावायला लागला की डास कानात शिरल्यासारखा वाजतो.

बरं, शेवटी ठरवलं स्वतःच जुळवायचा. मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे लहान मापाचा मदरबोर्ड, १७० बाय १७० मिलिमीटर. हा आकार २००१ पासून बाजारात आहे, म्हणजे वयानं माझ्या लेकीपेक्षा मोठा, तरी दुकानदार "नवीन काय निघालंय का?" विचारतो. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी: सहा कोर, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच, म्हणजे वेगळं कार्ड नको आणि त्याचे पंखेही नकोत. कॅबिनेट आठ लिटरचं, पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या निम्म्याहून कमी. इथवर सगळं गोड.

मग सुरू झाले मिलिमीटर. कॅबिनेटमध्ये कूलरला, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जोडणीला, उंची मिळते ४८ मिलिमीटर. प्रोसेसरच्या खोक्यात फुकट येणारा कूलर ५४ चा. दुसरा मागवायचा म्हटलं तर विकणाऱ्याच्या पानावर रंग लिहिलाय, दिव्यांची संख्या लिहिलीय, गिफ्ट द्यायला उत्तम असंही लिहिलंय. उंची? नाही. विचारलं तर उत्तर आलं, "सर, ऑल कॅबिनेट फिट." सगळ्यांत बसतो म्हणे! सदरा आहे का तो? शेवटी नॉक्टुआ कंपनीचा ३७ मिलिमीटरचा घेतला, वर ९२ मिलिमीटरचा पंखा, रंग बदामी-तपकिरी. तो बघून शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, चहात पडला होता काय?"

आणि आता तो सगळ्यांचा आवडता प्रश्न. "लगा, डोक्यावर पाचवर पंखा गरगरतोय, त्यात तुला कॉम्प्युटरचा काय ऐकू येतोय?" एक तर रेकॉर्डिंगला आम्ही पंखा बंद करतो, एप्रिलमध्ये, सांगलीत, घामाच्या धारांत. आणि दुसरं म्हणजे एकसारख्या आवाजाला कान सरावतो, चढउताराला नाही सरावत. जरा कुठं फाईल उघडली की प्रोसेसर दोन सेकंद तापतो, पंखा लगेच 'हुऽऽऽ' करून चढतो, परत उतरतो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने वाढतो, आणि १० डेसिबलनेच कानाला दुप्पट वाटतो. म्हणून बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, बसून प्रोसेसर ४५ वॅटवर बांधला, पंख्याला सांगितलं की बाबा, तापमान चढल्यावर काही सेकंद थांब, मग पळ. दोन रात्री गेल्या यात. हे दुकानात कुणी करून देत नाही, कारण दुकानात बाहेरच्या रिक्षाच्या आवाजात सगळेच कॉम्प्युटर शांत असतात.

पण खरा घात केला पॉवर सप्लायने. लहान कॅबिनेटला एसएफएक्स, म्हणजे लहान मापाचा सप्लाय, लागतो: १२५ रुंद, ६३.५ उंच, १०० मिलिमीटर खोल. तसा स्पष्ट लिहून मागवला. बारा दिवसांनी आला एसएफएक्स-एल. तो १३० मिलिमीटर खोल. तीस मिलिमीटर जास्त! बोटाची दोन पेरं नाहीत, पण तेवढ्यात वायरी वळत नाहीत आणि झाकण लागत नाही. फोन केला तर पलीकडचा शांतपणे म्हणतो, "सर, एल म्हणजे लार्ज. तुम्हाला मोठा दिलाय, त्याच किमतीत." उपकार! परत घ्या म्हटलं तर म्हणे खोकं फोडलंय. न फोडता मोजायचा कसा, एक्स-रे काढून? भांडून भांडून बदली कबूल करून घेतली, सप्लाय परत पाठवला, आणि आता चार दिवस रोज मेसेज येतोय की पत्ता सापडत नाही. विश्रामबागेत! गणपतीच्या वर्गणीला पाच मंडळांना बरोबर सापडतो.

तोवर काय करणार. लेकीला शनिवारी रेकॉर्डिंग पाठवायचंय. त्या मखरवाल्या दुकानदाराने हसत हसत सुचवलं होतं, "सप्लाय भाईर ठेवा की, वायरी आत सोडा." तेव्हा मी त्याला अक्कल शिकवून आलो होतो. काल रात्री दार लावून, गुपचूप, अगदी तेच केलं. जुन्या टॉवरमधला भला थोरला सप्लाय उपसून काढला आणि नव्या डब्याशेजारी टेबलावर मांडला.

सकाळी शेजारच्या काकू आल्या. "अय्या, किती छोटासा केलास रे! आणि हे शेजारचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत आतून लेक ओरडली, "बाबा, ती गिरणी बंद करा, मला सा लावायचाय."