रोजी काय होती?

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या आठला मीटिंग आहे, तरी हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

लेक इथे अमेरिकेत आठवीत आहे. आज शाळेतून एक वर्कशीट घेऊन आली. विषय, अमेरिकेची पहिली पन्नास-साठ वर्षं. पानावर दोन चौकटी, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. उत्तरेच्या चौकटीत छापलंय : कारखाने, व्यापार, जास्त टॅरिफ (म्हणजे आयातीवरची जकात) हवा. दक्षिणेच्या चौकटीत : शेती, शेतकरी, कमी टॅरिफ हवा. खाली प्रश्न, या आर्थिक मतभेदांमुळे तणाव कसा वाढला ते तीन वाक्यांत लिहा. आख्ख्या पानावर गुलाम हा शब्द नाही. एकदाही नाही! मी पान उलटून मागे बघितलं. मागे नकाशा रंगवायचा होता.

लेक तीन वाक्यं लिहून मोकळी पण झाली होती. छान लिहिली होती. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

'शेतकरी' या शब्दावर माझं डोकं फिरलं. कारण मला लगेच आई आठवली.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये आई आमच्याकडे होती. शार्लटहून चार्ल्स्टन गाडीने साडेतीन तास, म्हणून तिला समुद्र दाखवायला घेऊन गेलो. येताना एका जुन्या प्लांटेशनवर, म्हणजे मोठ्या मळ्यावर, थांबलो. ओळीने ओकची झाडं, पांढरे खांब, फोटो काढायला रांग. गाईड भला माणूस होता, आवाज चांगला होता. जिन्याचं लाकूड कुठलं, चांदीची भांडी कुठून आली, सगळं सांगून तो १८३२च्या टॅरिफवर आला. उत्तरेच्या गिरणीवाल्यांनी दक्षिणेच्या शेतकऱ्याला कसं पिळलं आणि साउथ कॅरोलायना त्याविरुद्ध कसं ताठ उभं राहिलं, हे त्याने अगदी रंगवून सांगितलं.

आईला इंग्रजी येत नाही. ती केव्हाच बाहेर गेली होती. अंगणाच्या कडेला पर्यटकांना दाखवायला पऱ्हाटीच्या चार ओळी लावलेल्या होत्या, बोंडं फुटलेली. आई यवतमाळ जिल्ह्यातली. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला गेलेली बाई. तिने वाकून तीन बोटांनी एका झटक्यात बोंडातला कापूस उचलला, पाल्याचा कण न लागता. नातीने तसंच करायला हात घातला आणि ओरडली. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. आईने तिचं बोट तोंडात धरलं आणि मला विचारलं, "इथं येचाले कोन होतं वं?"

मी गाईडला विचारलं. तो म्हणाला, "वर्कर्स."

मी आईला सांगितलं, मजूर.

आई म्हणाली, "रोजी काय होती?"

आता कोणी म्हणेल, टॅरिफचं भांडण खोटं होतं का? नव्हतं. मान्य. १८२८च्या टॅरिफला दक्षिणेत लोक शिव्या घालत होते आणि त्यांना झळ बसत होती हे खरं आहे. कापूस लिव्हरपूलला विकायचा आणि इंग्लंडचं कापड-लोखंड घ्यायचं, त्यावर जबर जकात, तीही उत्तरेच्या कारखान्यांना संरक्षण म्हणून. त्यात १८१९च्या मंदीपासून कापसाचा भाव पडलेला. चिडतील नाहीतर काय. झालं, मान्य केलं. पण ज्या नफ्याला कात्री लागते म्हणून ते ओरडत होते, तो नफा कोणाच्या बोटांतून आला होता? १८३०च्या जनगणनेत साउथ कॅरोलायनाची लोकसंख्या सुमारे ५ लाख ८१ हजार होती आणि त्यातले ३ लाख १५ हजार गुलाम होते. निम्म्याहून जास्त राज्य! आणि वर्कशीट म्हणतं, 'शेतकरी'.

माझं सोडा, त्या भांडणाचा म्होरक्या काय म्हणाला ते बघा. जॉन कॅल्हून. देशाचा उपराष्ट्राध्यक्ष असताना १८२८ साली निनावी लेख लिहून त्याने मांडलं की राज्याला केंद्राचा कायदा रद्दबातल ठरवता येतो. त्याच मांडणीवर नोव्हेंबर १८३२मध्ये साउथ कॅरोलायनाने टॅरिफ आपल्या हद्दीत रद्द ठरवला. पण त्याआधी, सप्टेंबर १८३० मध्ये, हाच कॅल्हून एका मित्राला पत्रात लिहितो की टॅरिफ हे निमित्त आहे, खरं कारण नव्हे. खरं कारण दक्षिणेची ती 'विशिष्ट घरगुती व्यवस्था', म्हणजे गुलामगिरी. त्याची भीती अशी की आज टॅरिफ लादू शकणारं बहुमत उद्या त्या व्यवस्थेला हात घालेल. हे विरोधकाने केलेले आरोप नाहीत, त्याच्या स्वतःच्या हातचं पत्र आहे. आणि समोर उभा राहिलेला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन, ज्याने फौज वापरायचा कायदा करून घेतला, तोही वाद मिटल्यावर १८३३ साली लिहितो की टॅरिफ नुसता बहाणा होता, पुढचा बहाणा गुलामगिरीचा असेल. जॅक्सन स्वतः गुलामांचा मालक होता, त्याला मी देव मानत नाही. चेरोकी आदिवासींना घराबाहेर काढायचा कायदा त्याचाच. पण भांडणाच्या दोन्ही टोकांची माणसं जे कागदावर लिहून गेली, ते दोनशे वर्षांनी मुलांच्या वर्कशीटवर यायला काय अडचण आहे?

त्या ट्रिपमध्ये आम्ही कॅल्हूनलाही पाहिलं होतं. चार्ल्स्टनच्या भर चौकात, मान मोडेल इतक्या उंच खांबावर. आईने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, इथला मोठा पुढारी. तेवढंच. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो पुतळा उतरवला. बातमी बघताना मला त्याच्यापेक्षा माझंच उत्तर जास्त बोचलं. मोठा पुढारी म्हणे. आणि प्लांटेशनवर तर मी 'मजूर' म्हणाले होते.

हे राज्य केंद्राचा कायदा पहिल्यांदा टॅरिफसाठी झुगारत होतं असंही नाही. १८२२ साली चार्ल्स्टनमध्ये डेन्मार्क व्हेसी नावाच्या माणसाने उठावाचा बेत केला, असा आरोप झाला. व्हेसीला लॉटरी लागली होती आणि त्या पैशातून त्याने स्वतःला विकत घेतलं होतं. स्वतःला विकत घेणं! हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. पस्तीस जणांना फाशी दिली. त्यांचं चर्च पाडलं. आणि वर्ष संपायच्या आत कायदा केला की बंदरात आलेल्या जहाजावर स्वतंत्र काळा खलाशी असेल तर जहाज सुटेपर्यंत त्याला तुरुंगात ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाने पुढच्याच वर्षी तो कायदा घटनाबाह्य म्हटला, तरी राज्याने जुमानलं नाही. तेव्हा कुठे होता टॅरिफ?

आणि १८२०चं मिसुरी? तेव्हा बावीस राज्यं होती, अकरा गुलामगिरीची, अकरा बिनगुलामगिरीची. मिसुरी गुलामगिरीचं राज्य म्हणून आलं तर पारडं झुकणार, म्हणून दुसऱ्या पारड्यात मेन हे बिनगुलामगिरीचं राज्य टाकलं आणि पश्चिमेच्या जमिनीवर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ओढली. वर्कशीटच्या मागचा नकाशा तोच आहे बरं का. मुलांनी रेघेच्या वर निळा आणि खाली लाल रंग भरायचा. रेघ कशाची, ते कुठेही लिहिलेलं नाही. म्हातारा माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन त्या वादाबद्दल म्हणाला होता की मध्यरात्री आगीची घंटा वाजावी तसा मी दचकून जागा झालो. शेकडो माणसं स्वतःच्या मालकीची असलेल्या जेफरसनला ती घंटा ऐकू आली. आमच्या शाळेला आली नाही.

खरं तर ही लपवाछपवी जुनीच. १७८७च्या घटनेत गुलाम हा शब्द नाही. 'इतर सर्व व्यक्ती' असं लिहिलंय. त्या इतर व्यक्ती पाचाला तीन या हिशोबाने मोजायच्या, म्हणजे मालकांच्या राज्यांना संसदेत जागा जास्त आणि राष्ट्राध्यक्ष निवडतानाही मतं जास्त. मोजलेल्या माणसाला मत नाहीच. पहिल्या छत्तीस वर्षांतली बत्तीस वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचे गुलाममालक होते.

कापसाच्या यंत्राचं तर मला आईमुळेच कळलं. व्हिटनीचं जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, १७९३. शाळेत सांगतात की यंत्राने श्रम वाचवले. त्या संध्याकाळी आई सांगत होती की तिची आई हाताने सरकी काढायची, दिवसभर बसली तरी जेमतेम मूठ-दोन मूठ रुई व्हायची. मग यंत्राने वाचवले ते सरकी काढणाऱ्याचे श्रम. वेचणीला कुठे यंत्र होतं? वेचायला बोटंच हवीत. सरकी झटपट निघायला लागल्यावर मालकांना आणखी जमीन हवी झाली आणि आणखी बोटं. १७९० साली देशात सात लाखांच्या आसपास गुलाम होते, १८३०ला वीस लाख, १८६०ला जवळजवळ चाळीस लाख. १८०८पासून बाहेरून माणसं आणायला बंदी आली, तर देशातच बाजार भरला. व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा-मिसिसिपीकडे सुमारे दहा लाख माणसं हलवली गेली, पुष्कळ विकून. आईपासून लेकरू तोडून. याला 'शेती' म्हणायचं?

उत्तरेवाल्यांनीही छाती फुगवू नये. लोवेलच्या गिरण्या त्याच कापसावर चालल्या. न्यू इंग्लंडच्या काही गिरण्या तर खास गुलामांच्या अंगावर घालायचं जाडंभरडं कापड विणून दक्षिणेला विकत होत्या. त्यांनी वेचलेला कापूस त्यांनाच खरबरीत होऊन परत. फुटून निघण्याची भाषाही आधी उत्तरेत झाली होती, १८१४ला हार्टफर्डमध्ये, इंग्लंडशी लढाईत यांचा व्यापार बुडाला म्हणून. म्हणजे वर्कशीटच्या दोन चौकटींत भिंत दाखवलीय तिथे प्रत्यक्षात सुताचा धागा होता.

तो धागा आपल्यापर्यंतही येतो. १८५३ला इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला. १८६१ला इथे यादवी पेटली, इकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडावर गेली. भाव आकाशाला, युद्ध संपताच जमिनीवर. माझी आई पऱ्हाटीत जन्मभर का वाकली, याचं थोडं उत्तर चार्ल्स्टनच्या बंदरातही आहे.

मघाशी फोनवर मैत्रीण म्हणाली, आपल्याला काय करायचंय त्यांच्या भांडणाशी, चार मार्कांचं असेल. असेल. पण 'शेतकरी' म्हणून वेचणारीला पुसून टाकायची सवय आपल्यालाही आहे ना? आमच्या गावात कापूस उत्पादक म्हटलं की सात-बारावर नाव असलेला माणूस. वेचणाऱ्या बाया कुठल्या आकड्यात असतात? आईला रोजी मिळायची, किलोवर मिळायची, कमी मिळायची, कधी आठवडाभर थकायची. पण मिळायची. संध्याकाळी काट्यावर गाठोडं ठेवून ती भांडू शकत होती. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या वावरात जाऊ शकत होती. म्हणूनच तिला तो प्रश्न सुचला. आमच्यात इतकी शिकलेली माणसं होती, कोणालाही सुचला नाही.

मी शेवटी तिला म्हटलं होतं, "आई, रोजी नव्हती. विकत घेतलेली माणसं होती." ती काही बोलली नाही. हातातला कापूस तिने पदराच्या टोकाला बांधला. घरी आल्यावर रात्री देवासमोर वाती वळत बसली, गावाहून आणलेल्या कापसाच्या. मी म्हटलं, तो आणलास ना, त्याची वळ की एक. तर म्हणाली, "त्याची वात नाई लावत मी."

तो कापूस अजून देवघरातल्या जुन्या डबीत आहे. आज जेवण झाल्यावर मी डबी लेकीपुढे उघडली. तिला ते टोचलेलं बोट आठवत होतं, आजीचा प्रश्न आठवत नव्हता. सांगितला. बराच वेळ ती डबीत बघत होती. मग तिने तिन्ही वाक्यं खोडली आणि विचारलं, "तीनच वाक्यांत लिहायचंय, काय काय घेऊ?" मी म्हटलं, शाळेला तीन हवीत, तुला किती हवीत? आता मागच्या नकाशाच्या कडेने बारीक अक्षरात लिहिणं चाललंय. अजून दिवा चालू आहे तिच्या खोलीत.

शिक्षिकेला मी ईमेल लिहितेय. भांडण नकोय, बाई चांगली आहे, पान तिने छापलेलं नसणार. पण कॅल्हूनच्या पत्रातलं ते वाक्य पाठवणार आहे आणि 'शेतकरी' हा शब्द बदला म्हणणार आहे. तुमच्यापैकी कोणाची मुलं इथे आठवीत असतील तर त्यांचं पान मला दाखवा. आणि ईमेलचा मसुदा कोणी सकाळी सातच्या आत वाचून देईल का? रागात लिहिलाय, दोन ठिकाणी जास्त झालंय असं वाटतंय.